शिक्षकांचा फोन वर्गाला परत द्या

जिल्हा परिषदेच्या एखाद्या प्राथमिक शाळेत सकाळी अकराच्या सुमारास डोकावून बघा. बाई किंवा गुरुजी फोनमध्ये डोकं घालून बसलेले दिसण्याची शक्यता बरीच आहे. रस्त्याने जाणारा पालक म्हणतो, यांना पगार मोबाइल बघायचाच मिळतो. ते मोबाइल बघतायत हे खरं आहे. पण त्यात ते ऑनलाइन हजेरी भरतायत. आज किती मुलं जेवली हे पोषण आहाराच्या ॲपवर टाकतायत. कालच्या वृक्षारोपणाचे फोटो पोर्टलवर चढत नाहीत म्हणून रेंज शोधत ओट्याच्या टोकाला उभे आहेत. केंद्राच्या, म्हणजे जवळच्या दहा-बारा शाळांच्या व्हॉट्सॲप गटावर 'अत्यंत तातडीचे, दुपारी २ पर्यंत' म्हणून आलेली लिंक भरतायत. तोवर आत तिसरी-चौथीची मुलं फळ्यावरचं उतरवून घेत बसली आहेत.

प्राथमिक शाळांत तंत्रज्ञानाचा वापर कसा सुधारावा यावर चर्चासत्रं होतात, परिपत्रकं निघतात. सगळ्यांची सुरुवात एकाच गृहीतकाने होते: शिक्षक मागे राहिलेत, त्यांना ओढून पुढे आणायचं आहे. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, आणि हे गृहीतक मला साफ चुकीचं वाटतं. आजचा प्राथमिक शिक्षक दिवसभर तंत्रज्ञान वापरतो, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जने. मात्र तो ते कार्यालयासाठी वापरतो. वर्गासाठी वापरायला त्याच्याकडे वेळ उरत नाही, आणि खरं सांगायचं तर मनही उरत नाही. ही गाठ आधी सोडवल्याशिवाय नवा टीव्ही, नवा टॅब, नवं प्रशिक्षण यांतलं काहीही मुलांपर्यंत पोचणार नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामं सोडली तर शिक्षकाला कुठलंही अशैक्षणिक काम लावता येत नाही. कायदा झाला तेव्हा गावोगावच्या गुरुजींच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. त्यामुळे अशैक्षणिक काम म्हणजे शाळा सोडून कुठेतरी जाऊन करायचं काम, असंच तेव्हा डोळ्यांसमोर होतं. आता काम शाळेत येतं, वर्गात येतं, खिशात येतं. त्यासाठी कुणी शिक्षकाला कुठे पाठवत नाही, म्हणून ते कुणाच्या हिशेबातही धरलं जात नाही. २०१५ मध्ये 'सरल' हे राज्याचं विद्यार्थी-माहितीचं पोर्टल आलं, तेव्हा सांगितलं गेलं होतं की मुलांची माहिती एकदा भरली की पुन्हा पुन्हा द्यावी लागणार नाही. त्यानंतर यू-डायस प्लस हे केंद्र सरकारचं शाळांच्या माहितीचं पोर्टल आलं, हजेरीची वेगवेगळी ॲप आली, मग अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. तेच मूल, तीच जन्मतारीख, तेच आईचं नाव. जनरल रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव एका वेलांटीने जुळलं नाही की त्या मुलाच्या बापाला तालुक्याच्या आधार केंद्रावर पाठवायचं कामही आमचंच.

यावर अधिकारी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की माहितीच नसेल तर योजना कशा आखायच्या? गणवेश किती लागतील, तांदूळ किती पाठवायचा, कुठल्या शाळेत शिक्षक कमी आहे, हे कळायला आकडे हवेतच. माझा आक्षेप आकड्यांना नाही. एकच आकडा चार ठिकाणी मागण्याला आहे, आणि तो शिकवण्याच्या वेळेत मागण्याला आहे. केंद्रागणिक एक डेटा ऑपरेटर नेमा. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा असतात. त्या सगळ्यांच्या माहितीसाठी एक माणूस पुरेसा आहे. शिक्षकाने कागदावर हजेरी मांडावी, जशी ती पिढ्यान्‌पिढ्या मांडली गेली आहे, आणि ऑपरेटरने ती चढवावी. त्याचा पगार शासनाला जड वाटत असेल, तर हजारो शिक्षकांचे अध्यापनाचे तास आज कोण कुठल्या खात्यावर खर्ची टाकतंय, याचाही हिशेब मांडावा.

हे झालं वेळेचं. आता यंत्रांकडे येऊ.

महाराष्ट्रात 'डिजिटल शाळे'ची लाट आली ती काही सरकारी तिजोरीतून आली नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत संदीप गुंड यांनी वर्ग डिजिटल केला आणि राज्यभरातून शिक्षक तो बघायला गेले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला, त्यानंतर या लाटेने जोर धरला. लोकांनी मनापासून पैसे दिले. कुणी जत्रेच्या वर्गणीतून, कुणी बापाच्या वर्षश्राद्धाचा खर्च वाचवून शाळेला प्रोजेक्टर घेतला. शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून भर घातली. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण मोजमाप चुकलं. शाळा डिजिटल झाली की नाही हे ठरायचं ते यंत्र आहे की नाही यावरून. यंत्र आल्याच्या दिवशी फीत कापली, फोटो गेला, तालुक्याच्या यादीत शाळेपुढे बरोबरची खूण झाली. पुढे प्रोजेक्टरचा दिवा गेला. नवा दिवा आणायला पैसे कुठून आणायचे? समग्र शिक्षा अभियानातून ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं, ३१ ते १०० पटाला २५ हजार. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, विजेचं बिल. बिल थकलं की वायरमन येऊन जोडणी तोडतो, आणि मग भिंतीवरचा टीव्ही फडक्याखाली झाकलेला राहतो. असे झाकलेले टीव्ही मी बऱ्याच शाळांत बघितले आहेत. त्या शिक्षकांना तंत्रज्ञान येत नव्हतं म्हणून ते झाकले गेले, असं एकाही ठिकाणी झालेलं नव्हतं. यंत्र देणाऱ्याने पाच वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्याच दिवशी करावी. ती करता येत नसेल तर यंत्र देऊ नये.

केरळने हे वेळीच ओळखलं. तिथे २००१ पासून 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प चालला, २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही शासकीय कंपनी झाली, आणि पुढे सुमारे ४५ हजार वर्ग हायटेक झाले. उपकरणांबरोबर दीर्घ मुदतीची वॉरंटी आणि बिघाडाची तक्रार नोंदवायची सोय आली. सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे परवान्याचा खर्च नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ही, की शिक्षकांना शिकवणारे शिक्षकच होते.

जगाचा अनुभव काय सांगतो? पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलागणिक लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष आला की मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसत नाही. दुसरीकडे दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरवर मुलांनी अभ्यास केला. साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती इतर मुलांपेक्षा ठळकपणे जास्त दिसली. तिथलं सॉफ्टवेअर मूल कुठल्या इयत्तेत बसतं ते बघत नव्हतं, त्याला काय येतं ते बघून तिथून पुढचा प्रश्न देत होतं. सहावी-सातवीतल्या मुलाला तिसरीचं गणित येत नसेल तर तिसरीपासून. म्हणजे यंत्राच्या आधी प्रश्न यायला हवा: या मुलाचं नेमकं कुठे अडलंय?

हा प्रश्न विचारायला महागडं काहीच लागत नाही, हे माझ्या वर्गातल्या एका तासावरून सांगते. ५२ मधून २७ वजा करा, असं गणित फळ्यावर होतं. एका मुलीने उत्तर लिहिलं, ३५. मी तिच्या वहीच्या पानाचा फोटो काढला, वरचं नाव झाकलं, फोन केबलने टीव्हीला जोडला आणि ते पान पडद्यावर मोठं करून वर्गाला विचारलं, "हे असं कसं आलं असेल?" आधी सगळे म्हणाले, चुकलंय बाई. मग एक मुलगा म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून तिनं सातातून दोन घालवले." थोड्या वेळाने दुसरी मुलगी उठली, "मोठ्यातनं लहान वजा करायचं असं बाईच म्हणतात की." आणि ते खरंच होतं. पहिलीपासून आम्ही सगळेच ते वाक्य म्हणतो. मग काड्यांचे गठ्ठे काढले, दहाचा एक गठ्ठा सोडवला, सुट्या काड्या बारा झाल्या, त्यातून सात काढल्या. जिची वही पडद्यावर होती तिनेच पाच सांगितले. एक गठ्ठा सोडवल्यामुळे दहाचे गठ्ठे चारच उरले होते, म्हणून उत्तर २५.

त्या तासात तंत्रज्ञान किती होतं? एक फोटो आणि एक केबल. त्याच घटकाचा छान ॲनिमेशन असलेला व्हिडिओ मी याआधी दाखवला होता. मुलांनी तो आवडीने बघितला होता, आणि तरीही उत्तर ३५ येत होतं. व्हिडिओला माझ्या वर्गातल्या मुलीची चूक ठाऊक असण्याचं कारण नाही, ती मलाच ठाऊक होऊ शकते. फोन कॅमेरा म्हणून वापरला तेव्हा मुलांचा विचार सगळ्यांना दिसला. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात पडदा देण्याच्या मी विरोधात आहे. त्यांच्या हातात काड्या, चिंचोके, पाटी, माती असावी. यंत्र असावं शिक्षकाच्या हातात.

वाचनाचंही तसंच. मूल अडखळत वाचतं तेव्हा त्याचा आवाज एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवावा आणि दिवाळीनंतर पुन्हा त्याच उताऱ्याचं वाचन रेकॉर्ड करावं. दोन्ही एकापाठोपाठ ऐकवले की मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. आई-वडिलांना 'प्रगती' असं गुणपत्रकात लिहून जे कळत नाही ते त्या दोन मिनिटांत कळतं. नंदुरबारच्या सातपुड्यात पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, ठाणे-पालघरकडे वारली आणि कातकरी बोलणारी मुलं पहिलीत येतात, आणि पुस्तकातली मराठी त्यांना जवळपास परकीच असते. तिथल्या शिक्षकाने पाड्यावरच्या आजीकडून एक गोष्ट तिच्या बोलीत फोनवर रेकॉर्ड करून आणली, तर तो वर्गाचा पहिला धडा होऊ शकतो. हे कुठलंही राष्ट्रीय पोर्टल त्या पाड्यासाठी तयार करून देणार नाही. ते काम त्या शिक्षकाचंच आहे, आणि फोनमुळे ते आज शक्य आहे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्यामागे कविता, व्हिडिओ, गोष्टी ठेवल्या. नंतर बालभारतीच्या पुस्तकांवर कोड छापले गेले, २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे शैक्षणिक साहित्याचं पोर्टल सुरू झालं, आणि आज मुलाच्या दप्तरातलं पुस्तक उघडलं की कोड दिसतो. कोड सगळीकडे गेला हे चांगलंच झालं. शिक्षकाने आपल्या वर्गापुढची अडचण ओळखून स्वतः काही तयार करावं, ही जी त्यामागची मूळ गोष्ट होती, तिचा प्रसार मात्र झाला नाही. ती छापता येत नाही, ती माणसाकडून माणसाकडे जावी लागते.

द्विशिक्षकी शाळांचा वेगळा विचार करायलाच हवा. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळाच काही वर्षांपूर्वी पावणेपंधरा हजारांच्या घरात होत्या. तिथे एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या असतात. दुसरीला वाचायला बसवायचं, तेवढ्यात तिसरीला गणित सांगायचं. अशा वेळी एका गटाला टीव्हीपुढे बसवण्याचा मोह होतो, आणि मी तो मोह वाईट ठरवणार नाही. दहा मिनिटांची कवितेची चित्रफीत लावली, संपल्यावर त्यातल्या तीन प्राण्यांची चित्रं काढायला सांगितली, तर तो चांगला उपयोग आहे. पाऊण तास टीव्ही चालू ठेवून मुलं गप्प राहिली एवढंच साधलं, तर तो उपयोग नव्हे. हा फरक वर्गात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला समजतो. त्यासाठी कार्यशाळा लागत नाही, तयारीसाठी अर्धा तास मोकळा लागतो.

आणि इथे प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. शिक्षकांसाठी संगणकाचं ज्ञान म्हणजे बराच काळ एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र होतं. ठरल्या मुदतीत ते न मिळवलेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुली निघाल्या. शिकवलं काय, तर पत्र टाइप करणं, तक्ता करणं, स्लाइड करणं. कार्यालयीन कारकुनाला ते उपयोगी होतं. पहिलीच्या बाईंना जोडाक्षरं शिकवताना त्याचा काय उपयोग, हे कुणी सांगितलं नाही. पन्नाशीतले गुरुजी तंत्रज्ञानाला घाबरतात असं सर्रास बोललं जातं. तेच गुरुजी किराण्याचे पैसे फोनवरून देतात आणि पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणताना याच लोकांनी रातोरात व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायला सुरुवात केली. ज्या मुलांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या अंगणात जाऊन शिकवलंही. गरज दिसली की शिक्षक शिकतो.

तालुक्या-तालुक्यात 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून काही जण ओळखले जातात. उत्साही, हुशार माणसं. त्यांचं पुढे काय झालं ते सांगते. ते आता केंद्रातल्या सगळ्या शाळांचे पासवर्ड सांभाळतात, इतरांच्या लिंक भरून देतात, रात्री अकराला कुणाचं तरी लॉगिन उघडत नाही म्हणून फोन घेतात. ज्यांनी इतरांना वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं हे दाखवायचं, त्यांना आपण बिनपगारी ऑपरेटर केलं. याचं मला सगळ्यात जास्त दुःख होतं.

रचना मात्र आपल्याकडे तयार आहे. केंद्रप्रमुखाचं पद १९९४ पासून आहे, जवळच्या शाळांना शैक्षणिक मदत करण्यासाठीच ते निर्माण झालं. केंद्राची दर महिन्याची शिक्षण परिषद आहे. आज या परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवली जातात आणि राहिलेल्या माहितीची आठवण करून दिली जाते. तिथे दर महिन्याला एका शिक्षकाने मुलांसमोर एक खरा पाठ घ्यावा. बाकीच्यांनी मागे बसून बघावं. फोन, टीव्ही, रेकॉर्डिंग, जे वापरलं असेल ते वापरल्याने मुलांना काय कळलं, काय कळलं नाही, यावर तासभर बोलावं. पुढच्या महिन्यात तोच घटक दुसऱ्याने आपल्या पद्धतीने घ्यावा. व्याख्याता नको, स्लाइड नकोत, चहापाण्यापलीकडे खर्च नको. डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्यांनी यावं ते वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसायला.

मराठी शैक्षणिक साहित्याच्या निर्मितीबद्दलही बोललं पाहिजे. पुण्यात १९८४ पासून बालचित्रवाणी ही संस्था होती. ती मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करायची. २०१७ मध्ये ती बंद झाली. ज्या वर्षी 'दीक्षा' आलं, पुस्तकांवरच्या कोडमागे घालायला चांगलं मराठी साहित्य हवं होतं, त्याच वर्षी. पुढे कोविडमध्ये सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केली आणि गावोगावच्या मुलांनी ती बघितली. म्हणजे गरज होती आणि प्रेक्षकही होता. शासनाने अशी संस्था पुन्हा उभी करावी, आणि तिच्या लेखकांत, कलाकारांत बोलीभाषा जाणणारे प्राथमिक शिक्षक असावेत. आता काही शिक्षक चॅटजीपीटीकडून सराव प्रश्न करून घेतात. एकाच घटकाचे तीन पातळ्यांवरचे प्रश्न हवे असतील तर ते सोयीचं आहे, बहुवर्ग शाळेत तर फारच. पण गणिताची उत्तरं आणि मराठी दोन्ही तपासूनच मुलांपुढे ठेवावं लागतं. त्यावर आज यापेक्षा जास्त आशा किंवा भीती बाळगण्याचं कारण मला दिसत नाही.

यातली बरीच कामं मंत्रालयाच्या पातळीवरची आहेत आणि त्यांना वेळ लागेल. एक गोष्ट मात्र जिल्ह्याच्या पातळीवर लगेच होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी आपल्या सहीने दोन ओळींचं पत्र काढावं: शाळेच्या वेळेत कुठल्याही विभागाने शिक्षकांकडून ऑनलाइन माहिती मागू नये, आणि मधल्या सुट्टीपूर्वी केंद्राच्या गटावर लिंक टाकू नये. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रक वाचनाला मनाई असावी. एका जिल्ह्याने हे एक शैक्षणिक वर्ष करून बघावं. दिवाळीच्या आधी आणि मार्च अखेरीस, प्रत्येक शाळेतल्या तिसरीच्या मुलांचं मिनिटभर वाचन रेकॉर्ड करून ठेवावं, आणि ते ऐकायला शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना बोलवावं.